धागा: दीर्घिकांच्या यादीतून विश्वाचं प्रसरण मोजायचं, सोलापूरच्या लॅबमध्ये बसून

भुईकोट

सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागातल्या एमएस्सी भौतिकशास्त्राच्या गटांसाठी प्रकल्पाचा एक विषय मांडतोय. स्लोन सर्वेक्षणाच्या ‘बॉस’ या टप्प्यात सुमारे १२ लाख दीर्घिकांचे वर्णपट घेतले गेले. त्यांची यादी मोफत उतरवून घेता येते. त्या यादीतल्या दीर्घिकांच्या जोड्या मोजायच्या आणि ठरावीक अंतरावर जोड्या किंचित जास्त का सापडतात ते स्वतःच्या आलेखात बघायचं. दुर्बीण लागत नाही. आठ कोअरचा, १६ जीबी मेमरीचा संगणक पुरतो.

आधी त्या ठरावीक अंतराबद्दल. पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तापलेलं होतं की प्रकाश आणि साधा पदार्थ एकमेकांपासून सुटतच नव्हते. जिथं दाटी जास्त, तिथून दाबाची लाट बाहेर पडायची, ही ध्वनिलाटच. तापमान उतरलं, अणू बनले, प्रकाश मोकळा झाला आणि लाट पोचली होती तिथंच थिजली. तोवर तिनं कापलेलं अंतर आजच्या मापात सुमारे १४७ मेगापार्सेक, म्हणजे ४८ कोटी प्रकाशवर्षं. या अंतराला इथं ‘आरडी’ म्हणू. पुढं दीर्घिका तयार झाल्या त्या दाटीच्या जागी जास्त, आणि त्या थिजलेल्या कवचावर अगदी थोड्या जास्त. २००५ मध्ये स्लोनच्या ४६,७४८ लाल दीर्घिकांमध्ये हा उंचवटा दिसला. त्याच वर्षी टू-डीएफ सर्वेक्षणातही त्याची खूण सापडली.

कामाचा क्रम असा:

बॉसमधल्या दूरच्या दीर्घिकांच्या ‘सीमास’ नमुन्याचा उत्तर आकाशातला भाग, ‘सीमास उत्तर’, त्याची बाराव्या प्रकाशनातली फाइल घ्या. साधारण ५ लाख ७० हजार दीर्घिका आहेत. रेडशिफ्ट (प्रसरणामुळं प्रकाश लाल रंगाकडं किती सरकला त्याचा आकडा, म्हणजेच ‘झेड’) ०.४३ ते ०.७० एवढाच पट्टा ठेवा. सोबत तुलनेसाठी यादृच्छिक बिंदूंच्या ‘रँडम’ यादीची फाइल मिळते, तीही घ्या.

रेडशिफ्टवरून अंतर काढा. पदार्थाचं प्रमाण ०.३१ धरा आणि अंतर ‘मेगापार्सेक भागिले एच’ या एककात ठेवा (एच म्हणजे हबल स्थिरांक, म्हणजे आजचा प्रसरणाचा वेग, भागिले १००). उत्तरं ताडून बघायला: झेड ०.४३ ला सुमारे ११५५, ०.५७ ला १४७३, ०.७० ला १७४६ आलं पाहिजे. यात एक टक्क्याचाही फरक पडला तर पुढं जाऊ नका, आधी इंटिग्रल तपासा.

नंतर जोड्या. डेटा-डेटा, डेटा-रँडम, रँडम-रँडम अशा तीन मोजण्या ० ते २०० पर्यंत, ५-५ च्या कप्प्यांत. मग लँडी-झलाय यांचं १९९३ चं सूत्र: (डीडी − २डीआर + आरआर) ÷ आरआर. उत्तराला अंतराच्या वर्गानं गुणून आलेख काढा, नाहीतर उंचवटा डोळ्याला दिसतच नाही. १०० च्या आसपास जोड्यांचं जादा प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असतं.

जोड्या मोजायला कॉर्फंक किंवा ट्रीकॉर हे प्रोग्राम वापरा, दोन्ही मोफत आहेत. कुठं अडलं तर इथंच विचारा.

जॅकार्ड

विषय फार चांगला निवडलाय, भुईकोट सर. एक गोष्ट जोडतो. मुलांना ‘उंचवटा’ कळतो, पण त्यावरून प्रसरण कसं मोजायचं तिथं अडतं. सोलापुरात हे कापडावरून सांगावं.

कोऱ्या कापडावर गोल शिक्का मारा आणि कापड धुवा. उभा ताणा आणि आडवा बाणा सारखे आटले तर गोल लहान होईल, पण गोलच राहील. ताणा जास्त आटला तर अंडाकार होईल. शिक्क्याचा मूळ व्यास माहीत असला की दोन्ही दिशांचं आटणं वेगवेगळं काढता येतं. समजा व्यास माहीत नाही, तरी गोलाचा अंडाकार किती झाला यावरून दोन्हींचं गुणोत्तर तर कळतंच.

सर्वेक्षणात नेमकं हेच आहे. आकाशावर आडव्या दिशेत आपण कोन मोजतो, नजरेच्या दिशेत रेडशिफ्टचा फरक. चुकीचं प्रमाण धरून अंतरं काढली तर मुळात गोल असलेलं कवच एका दिशेनं दाबलेलं दिसतं. १९७९ मध्ये अल्कॉक आणि पाचिन्स्की यांनी सुचवलेली कसोटी हीच. आडव्या मापातून मिळतं अंतर, उभ्या मापातून त्या काळातला प्रसरणाचा वेग. म्हणून जोड्या मोजताना नुसतं अंतर न घेता नजरेच्या रेषेशी होणारा कोनही कप्प्यांत टाका. पहिल्या वर्षी सरासरी घेतली तरी चालेल, पण मोजणी साठवताना कोन ठेवून द्या. परत आरआर मोजायला लागू नये.

या चित्राला एक मर्यादा आहे. दीर्घिकांचे वेगही नजरेच्या दिशेत मिसळतात. मोठ्या पट्ट्यावर पदार्थ दाटीकडं ओढला जातो, त्यामुळं रचना चपटी दिसते. हे कायझर यांनी १९८७ मध्ये मांडलं. समूहाच्या आत वेग जास्त, तिथं रचना बोटासारखी लांबट दिसते. हे शिक्क्याच्या आटण्यापेक्षा वेगळं आहे, आणि ते वेगळं काढलं की गुरुत्वाकर्षणाखाली रचना किती जोमानं वाढते तेही हाती लागतं.

कंबर_तलाव

वाचतोय. दोन शंका. चादरीवर नक्षी ठरावीक अंतरानं परत परत येते, तशी ही जाळी आहे का? आणि आकाशात ते वर्तुळ केवढं दिसेल? गड्ड्याच्या दिवसांत शाळेच्या पोरांना बोटानं दाखवता आलं तर बरं होईल.

भुईकोट

जाळी नाही. सिद्धेश्वर तलावात एकाच वेळी हजारो खडे पडले, तर प्रत्येक खड्याभोवतीचं वर्तुळ सारख्या मापाचं असतं, पण सगळी एकमेकांत मिसळलेली. एकही वर्तुळ सुटं ओळखता येत नाही. माप निघतं ते सगळ्या जोड्यांच्या सरासरीतून. म्हणून दोन-चार हजार दीर्घिकांवर हे होत नाही, लाखांत संख्या आणि प्रचंड आयतन लागतं.

माप मात्र बोटांनी दाखवता येतं. झेड ०.५१ ला कवचाच्या त्रिज्येचा, म्हणजे आरडीचा, कोन सुमारे ४.२ अंश. हात लांब करून तीन बोटं जोडली की साधारण ५ अंश होतात, त्याहून थोडं कमी. पूर्ण चंद्र अर्धा अंश, म्हणजे आठ चंद्र ओळीनं. झेड ०.९३ ला कोन २.७ अंश, आणि २.३३ ला १.५ अंश. तीच पट्टी लांब नेल्यावर किती बारीक दिसते, तेच विश्वाचं अंतर-रेडशिफ्ट नातं.

पोरांना आकाशातली जागाच दाखवायची असेल तर सरस्वती महासमूहाची दाखवा. पुण्याच्या आयुका आणि आयसर इथल्या खगोलशास्त्रज्ञांच्या गटानं २०१७ मध्ये तो स्लोनच्याच डेटातून जाहीर केला. अंतर सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षं, दिशा मीन राशीची, खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ लागून. संक्रांतीच्या सुमारास संध्याकाळी सातला सोलापुरातून ती जागा पश्चिमेकडं, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या साधारण मध्यावर येते. डोळ्यांना तिथं काहीच दिसणार नाही, हे आधीच सांगावं. आणि महासमूह म्हणजे ध्वनिलाटेचं कवच नव्हे, हेही. त्याची व्याप्ती कोट्यवधी प्रकाशवर्षांची म्हणून दोन्हींची गल्लत होते. महासमूह ही एक रचना आहे. आरडी हे सरासरीतून निघणारं माप आहे.

सीमास उत्तरचा भाग वेगळा, तो चैत्र-वैशाखात मध्यरात्री डोक्यावर येतो. अरुंधती केश तारकासमूह सोलापूरहून माथ्यापासून दहाएक अंशांतून जातो. तिथं आपल्या आकाशगंगेची धूळ सर्वांत कमी, म्हणून सर्वेक्षणाचा मोठा हिस्सा तिकडं आहे.

माळढोक

क्रम बरोबर आहे, पण प्रकल्प खरा बिघडतो तो रँडम यादीत आणि वजनांत. त्यावर सविस्तर लिहिते.

रँडम यादी म्हणजे विश्वात काहीच रचना नसती, तर याच दुर्बिणीला, याच प्रकाशतंतूंनी, याच हवामानात काय दिसलं असतं त्याची यादी. तारे झाकणारे भाग, तुटलेल्या कडा, रेडशिफ्टनुसार बदलणारी घनता, सगळं तिच्यात यावं लागतं. उंचवटा एक टक्क्याहून कमी आहे. तुमच्या रँडम यादीत दोन टक्क्यांची चूक असली तर तुम्ही विश्व नाही मोजत, स्वतःची चूक मोजता.

सर्वांत जास्त होणारी चूक: डेटाला ०.४३ ते ०.७० ची कात्री लावली आणि रँडमला लावायची राहिली. लक्षण असं की १५० च्या पुढंही वक्ररेषा शून्याकडं उतरत नाही, वरच तरंगते. वजनं चुकली तरी असंच काहीसं दिसतं, म्हणून आधी कात्री तपासा, मग वजनं.

बॉसच्या डेटाचं वजन असं: सिस्टॉट × (नोझेड + सीपी − १) × एफकेपी. रँडमला फक्त एफकेपी. एकेका भागाचं कारण समजून घ्या.

सीपी म्हणजे तंतूंची टक्कर. बॉसमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडून एक हजार तंतू हातानं बसवत. दोन तंतू ६२ कोनीय सेकंदांपेक्षा जवळ येऊ शकत नव्हते. जवळच्या जोडीतली एक दीर्घिका राहून जायची. तिचं वजन शेजारणीला देतात. राहून जाण्याचं प्रमाण दाट भागात जास्त, म्हणून हे वजन सोडलं तर दाटीच कमी मोजली जाते.

नोझेड म्हणजे वर्णपट घेतला पण रेडशिफ्ट निघाला नाही. तंतू वर्णपटमापकाच्या कडेला असला की असं जास्त होतं.

सिस्टॉट हे ताऱ्यांच्या गर्दीसाठी आणि आकाशाच्या स्थितीसाठी. आपल्या आकाशगंगेतले तारे जिथं जास्त, तिथं सीमास दीर्घिका कमी सापडतात. हे वजन काढून एकदा मोजणी करून बघाच. मोठ्या अंतरावर वक्ररेषा कशी उचलली जाते ते डोळ्यांनी दिसलं की पुन्हा कधी विसरणार नाही.

एफकेपी हे १९९४ मधलं फेल्डमन, कायझर आणि पीकॉक यांचं वजन: १ ÷ (१ + घनता × पी-शून्य). बॉससाठी पी-शून्य १०,००० धरतात. दाट भागातली प्रत्येक दीर्घिका नवी माहिती कमी देते म्हणून तिचं वजन कमी.

जोड्यांना भागताना नुसती संख्या वापरू नका, वजनांची बेरीज वापरा. आणि उत्तर-दक्षिण भाग एका यादीत ओतू नका. दोन्हीकडं निवडीची घनता जराशी वेगळी आहे. जोड्या वेगळ्या मोजा, नंतर मिळवा.

हुरडा

रँडम किती घ्यायचे? पूर्ण फाइल घेतली तर मशीन बसतं. आणि एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर पारा, लॅबचा एसी बंद, वीज कधी जाईल सांगता येत नाही. त्यावर काय करायचं?

माळढोक

डेटाच्या २० पट रँडम वेचा, पण क्रमानं पहिले नका घेऊ, यादृच्छिक वेचा. म्हणजे सुमारे १ कोटी १४ लाख बिंदू. डीआर सगळ्यांवर काढा. आरआर मात्र फोडा: रँडमचे २० सारखे भाग करा, प्रत्येक भागातल्या जोड्या त्याच भागापुरत्या मोजा, शेवटी बेरीज करा. जोड्यांची संख्या २० पटींनी घटते आणि अचूकता जवळजवळ तेवढीच राहते, कारण २० पट रँडममध्ये आरआरचा स्वतःचा गोंगाट तसाही नगण्य असतो.

याचा दुसरा फायदा तुमच्या विजेच्या प्रश्नाला. प्रत्येक भाग संपला की मोजणी वेगळ्या फाइलीत लिहा. वीज गेली तर एकच भाग परत करावा लागेल. उन्हाळ्यात लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतो, म्हणून आठपैकी सहा कोअर द्या आणि रात्री चालवा. निर्देशांकांची पूर्ण अचूकता ठेवा, मेमरी वाचवायला अर्धी करू नका.

जॅकार्ड

त्रुटींबद्दलही लिहा की, ताई. मुलं कप्प्यांतल्या जोड्यांचं वर्गमूळ काढून त्रुटी लावतात.

माळढोक

ते चुकीचंच आहे. शेजारचे कप्पे एकमेकांशी बांधलेले असतात, एक वर सरकला की दुसराही सरकतो. पूर्ण सहप्रसरण सारणी लागते. बॉससाठी पॅची नावाच्या हजारो कृत्रिम याद्या बनवल्या आहेत. तेवढी ताकद नसेल तर जॅकनाइफ: आकाशाचे भाग पाडायचे, एकेक भाग वगळून मोजणी परत करायची.

भाग किती मोठे? किमान तुम्ही मोजता त्या अंतराएवढे. झेड ०.५७ ला १५० म्हणजे ५.८ अंश. सीमास उत्तरचं क्षेत्र ६,९०० चौरस अंशांच्या आसपास. १०० भाग केले तर एकेक ८.३ अंशांचा, ठीक आहे. ४०० केले तर ४ अंशांचा, आणि मग मोठ्या अंतरावरची त्रुटी खोटी निघते.

कप्पे कमी ठेवा. १०० नमुन्यांतून ३० कप्प्यांची सारणी उलटी केली तर हार्टलॅप यांचा गुणक (१०० − ३० − २) ÷ ९९, म्हणजे ०.६९. जॅकनाइफचे नमुने स्वतंत्र नसतात, त्यामुळं हा नुसता अंदाज, पण सारणी किती अशक्त आहे ते त्यातून कळतं. हजार कृत्रिम याद्या आणि २० कप्पे असले तर तोच गुणक ०.९८.

जुळणी ५० ते १५० या पट्ट्यात करा. सिद्धांतातून आलेली वक्ररेषा घ्या, तिचा आडवा अक्ष ‘अल्फा’ या गुणकानं ताणा, उंचीला एक गुणक द्या आणि खालच्या सपाट उतारासाठी तीन सुटे आकडे: एक स्थिर, एक अंतरानं भागलेला, एक अंतराच्या वर्गानं भागलेला. हे तीन सोडले तर वजनांतली उरलीसुरली चूक सरळ अल्फात शिरते. नुसतं उंचवट्याचं टोक बघून अंतर सांगू नका. उंचवटा उतारावर बसलेला असल्यानं त्याचं टोक आरडीच्या जागीच येईल असं नाही.

वेळ उरला तर पुनर्रचना करा. दीर्घिका अब्जावधी वर्षं एकमेकांकडं सरकल्यामुळं कवच पसरट झालं आहे. घनतेचा नकाशा १५ मेगापार्सेक भागिले एच इतका गुळगुळीत करून, सीमासचा कल (एकूण पदार्थाच्या तुलनेत दीर्घिका किती पट दाटतात तो आकडा) १.८५ धरून, त्यावरून सरकणं काढायचं आणि दीर्घिकांना मागं न्यायचं. रँडमची एक प्रतही तशीच सरकवायची. सूत्र मग (डीडी − २डीएस + एसएस) ÷ आरआर, यात ‘एस’ म्हणजे सरकवलेली रँडम. भागाकारात मूळ न सरकवलेली रँडमच हवी, तिथं एसएस टाकणारे बरेच असतात.

सात_रस्ता

सीमासवर हात बसल्यावर पुढचा अभ्यास कॅल्क्युलेटरवर होतो. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरच्या ४ मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर डेसी हे उपकरण आहे. पत्र्याला भोकं पाडणं तिथं संपलं. ५,००० छोटे रोबो एकेक तंतू जागेवर नेतात. तंतूची जाडी १०७ मायक्रॉन, दहा वर्णपटमापक, ३६० ते ९८० नॅनोमीटर. सर्वेक्षण मे २०२१ मध्ये सुरू झालं.

या ९८० मुळंच एक मर्यादा येते. लांबच्या तरुण दीर्घिका ओळखतात त्या ऑक्सिजनच्या ३७२.७ नॅनोमीटरच्या जोडरेषेवरून. ९८० भागिले ३७२.७, वजा १: १.६३. म्हणून त्या नमुन्याची हद्द १.६ ला संपते. आणि झेड १.३ ला ही जोडरेषा ८५७ नॅनोमीटरवर येते, तिथं आपल्याच वातावरणातल्या हायड्रॉक्सिलच्या रेषांचं रान आहे. जोडरेषेतल्या दोन रेषा सुट्या दिसल्या तरच ती ऑक्सिजनची म्हणायची. याहून लांब क्वेसार, आणि २.१ च्या पुढं क्वेसारच्या प्रकाशावर मधल्या हायड्रोजननं उमटवलेल्या शोषणरेषा.

२०२५ च्या मार्चमध्ये तीन वर्षांच्या निरीक्षणांचे आकडे आले, १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार धरून. साध्या प्रतिमानात, म्हणजे कृष्ण ऊर्जा स्थिर धरून, त्यातून दोनच गोष्टी निघतात: पदार्थाचं प्रमाण ०.२९७५ (त्रुटी ०.००८६) आणि एच गुणिले आरडी १०१.५४ (त्रुटी ०.७३). आता हे करून बघा. प्रकाशाचा वेग भागिले प्रसरणाचा वेग, भागिले आरडी, हे गुणोत्तर म्हणजे २९.५२५ ÷ ई. ई म्हणजे वर्गमूळ [०.२९७५ × (१+झेड) चा घन + ०.७०२५].

झेड ०.५१०: गणित २२.४७, मोजलेलं २१.८६ ± ०.४३
झेड ०.७०६: गणित २०.००, मोजलेलं १९.४६ ± ०.३३
झेड ०.९३४: गणित १७.४८, मोजलेलं १७.६४ ± ०.१९
झेड १.३२१: गणित १४.०४, मोजलेलं १४.१८ ± ०.२२
झेड २.३३०: गणित ८.६४, मोजलेलं ८.६३ ± ०.१०

दोनच आकड्यांत सव्वादोन झेडपर्यंतचा इतिहास बसतो, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. पहिले दोन आकडे गणितापेक्षा दीड त्रुटीनं खाली आहेत तेही बघून ठेवा.

विश्वातल्या घटकांचं प्रमाण काढायचं तर बाहेरची एकच माहिती जोडा: पहिल्या काही मिनिटांत ड्युटेरियम आणि हेलियम किती बनलं त्यावरून साध्या पदार्थाची घनता. मग हबल स्थिरांक ६८.५ येतो. साधा पदार्थ सुमारे ४.७ टक्के, कृष्ण पदार्थ २५ टक्के, उरलेले ७० टक्के कृष्ण ऊर्जा.

कंबर_तलाव

मग हबल स्थिरांकाचं ६७ की ७३ हे भांडण या सर्वेक्षणांनी मिटलं म्हणायचं का? आणि नुसत्या रंगांवरून रेडशिफ्ट काढता येतो ना, मग एवढे वर्णपट कशाला?

सात_रस्ता

मिटलं नाही. सर्वेक्षण हबल स्थिरांक मोजत नाही, एच गुणिले आरडी मोजतं. जॅकार्ड यांच्या शिक्क्याचा व्यास बाहेरून आणावा लागतो. १०१.५४ ला १४७.०९ नं भागा, ०.६९ येतं. उलट ०.७३ हवं असेल तर आरडी १३९.१ लागेल, साडेपाच टक्के आखूड. म्हणजे प्रकाश सुटण्याआधीच्या विश्वात काहीतरी वेगळं घडायला हवं. सेफीड आणि महानवताऱ्यांच्या शिडीवरून येणारा ७३.०४ ± १.०४ हा आकडा यामुळं खोटा ठरत नाही. वाद कुठल्या काळाकडं ढकलायचा ते मात्र कळतं.

रंगांचं गणित करून बघा. रंगांवरून रेडशिफ्टची त्रुटी चांगल्या दीर्घिकांनाही ०.०२ × (१+झेड). झेड ०.५७ ला ०.०३१, आणि नजरेच्या दिशेत त्याचे १०० मेगापार्सेक. कवच त्या दिशेत पुसूनच जातं. वर्णपटात ५० किलोमीटर दर सेकंद एवढी त्रुटी धरली तरी एक मेगापार्सेकच्या आत. रुबिन वेधशाळेचं ८.४ मीटरचं सर्वेक्षण रंगांवर चालेल, त्यातून आडवं माप आणि गुरुत्वीय भिंगामुळं वाकलेल्या आकारांचा अभ्यास होईल. उभ्या मापाला डेसी आणि युक्लिड अवकाश दुर्बिणीचे वर्णपटच.

जॅकार्ड

कृष्ण ऊर्जा बदलतेय अशा बातम्या मराठीतही आल्या. प्रकल्पाच्या अहवालात ते वाक्य टाकावं का?

माळढोक

जसं आहे तसं टाका. डेसी आणि सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी (सुरुवातीला मोकळा झालेला तो प्रकाश) एकत्र घेतली तर बदलती कृष्ण ऊर्जा ३.१ सिग्मानं, म्हणजे त्रुटीच्या ३.१ पटींनी, बरी बसते. महानवतारे जोडले तर कुठली यादी जोडता त्यावर २.८, ३.८ किंवा ४.२. एकाच प्रश्नाला तीन याद्यांची तीन उत्तरं येतात तेव्हा महानवताऱ्यांची मोजमापं आणखी तपासायची आहेत, एवढं लिहावं. ५ सिग्मा झालेलं नाही. कृष्ण ऊर्जेच्या दाब-घनता गुणोत्तराचं (ती स्थिर असेल तर हे उणे १) आजचं मूल्य उणे ०.७५ आणि बदलाचा आकडा उणे ०.८६ ही जोडी ४.२ देणाऱ्या यादीसह येते. तिच्यात झेड ०.४ च्या आसपास मूल्य उणे १ ओलांडतं.

न्यूट्रिनोचंही तसंच. साध्या प्रतिमानात तिन्हींच्या वस्तुमानांची बेरीज ०.०६४ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी हवी असं निघतं, आणि प्रयोगशाळेतून किमान ०.०५९ हवीच असं माहीत आहे. एवढी अरुंद फट उरली की प्रतिमानाकडंच संशयानं बघावं लागतं. कृष्ण ऊर्जा बदलू दिली तर मर्यादा ०.१६ पर्यंत सैल होते.

आणि उत्तर झाकून काम करा. डेसीच्या गटानं विश्लेषण पक्कं होईपर्यंत यादीतल्या जागाच मुद्दाम हलवून ठेवल्या होत्या. लॅबमध्ये सोपा मार्ग: मार्गदर्शकांनी अल्फात एक गुप्त आकडा मिळवायचा, आणि वजनं, कप्पे, पट्टा सगळं ठरल्यावरच तो सांगायचा. नाहीतर छापील उत्तर येईपर्यंत मुलं कप्पे बदलत राहतात.

हुरडा

मोजणी पूर्ण झाली. उंचवटा दिसतोय, वक्ररेषा १५० नंतर खाली उतरतेय. झेड ०.५७ साठी अंतर मात्र सुमारे २००५ मेगापार्सेक येतंय. अकराव्या प्रकाशनातून २०१४ मध्ये छापलेलं मूल्य २०५६ ± २०. अल्फा नीट वाटतो. त्रुटी दोन टक्क्यांची आहे, म्हणजे तसं बसतंय. असंच लिहून द्यायचं का?

माळढोक

थांबा. फरक अडीच टक्क्यांचा आहे आणि हा आकडा ओळखीचा आहे. आरडी कुठून घेतलं? आयझेनस्टाइन-हू यांचं जुनं जुळणी-सूत्र आणि पूर्ण गणित करणारा कॅम्ब प्रोग्राम यांची आरडीची उत्तरं वेगळी येतात. २०१४ च्या त्याच विश्लेषणाच्या प्रतिमानात कॅम्बनं १४९.२८, सूत्रानं १५३.१९. गुणोत्तर ०.९७४५.

हुरडा

टेम्प्लेटसोबत, म्हणजे सिद्धांताच्या वक्ररेषेसोबत, सूत्राचं आरडी भागाकारात गेलंय. शेवटी गुणताना कॅम्बचं घेतलं.

माळढोक

तेच. दोन्हीकडं कॅम्बचंच ठेवा. २००५ भागिले ०.९७४५ म्हणजे २०५७. पण छापील आकड्याच्या जवळ आलं म्हणून बरोबर असं धरू नका. सीमास उत्तर एकट्यात, पुनर्रचना न करता, दोन टक्के इकडंतिकडं होणारच. चूक जवळजवळ त्रुटीएवढीच होती म्हणून ती दिसली नाही, एवढं मात्र अहवालात लिहा. अंतरापेक्षा ‘अंतर भागिले आरडी’ हा आकडा आधी द्या, छापील तोच १३.७७ आहे. आता दक्षिणेची फाइल त्याच कात्रीनं, त्याच वजनांनी चालवा, आणि तिचा अल्फा उत्तरेशेजारी वेगळा छापा.